प्रथिन न घडवणारा आरएनए दाहाचे नियमन कसे करतो?

प्रश्न :
दोनशेहून अधिक न्यूक्लिओटाइडांचे (आरएनएच्या साखळीतील एककांचे), पण प्रथिन न घडवणारे दीर्घ नॉनकोडिंग आरएनए प्रतिकारसंस्थेवर नियंत्रण ठेवतात, असे वाचनात आले. ज्या रेणूपासून प्रथिनच तयार होत नाही, तो दाह कमी-जास्त कसा करतो? शिवाय रुग्णाच्या रक्तात अशा एखाद्या आरएनएचे प्रमाण वाढलेले दिसले, तर त्याला रोगाचे कारण म्हणावे का?

उत्तर १ :
हे आरएनए बहुधा प्रथिनांना धरून काम करतात. २०१६ मध्ये वर्णन झालेला ‘एलएनसी१३’ पाहा. एरवी तो पेशीकेंद्रात ‘एचएनआरएनपीडी’ या प्रथिनासह दाहाशी संबंधित काही जनुके दडपून ठेवतो. जिवाणूंच्या कवचातील घटकाची चाहूल लागली की मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) एलएनसी१३चे विघटन करतात आणि ती जनुके मोकळी होतात. सिलिअ‍ॅक रोगाच्या (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या) रुग्णांच्या आतड्यात तो कमी आढळला आणि या रोगाशी निगडित असलेला त्याच्यातील एक जनुकीय बदल प्रथिनाशी होणारी त्याची जोडणी कमकुवत करतो. असा बदल जन्मापासूनच असतो, त्यामुळे तो आजाराचा परिणाम असू शकत नाही. रक्तातील वाढलेल्या प्रमाणाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही, कारण दाहामुळेच अनेक आरएनए वाढतात.

उत्तर २ :
वरील मुद्दा योग्यच आहे. मात्र ‘प्रथिन घडवत नाही’ हे विधानही तपासून घ्यावे लागते. मानवी डेंड्रिटिक पेशींमधील (जंतूंची ओळख इतर प्रतिकारपेशींना करून देणाऱ्या पेशींमधील) ‘एलएनसी-डीसी’ हा दीर्घ नॉनकोडिंग आरएनए ‘स्टॅट३’ या प्रथिनाला बांधला जातो असे २०१४ मध्ये मांडले गेले, परंतु उंदरातील त्याचे समरूप जनुक चक्क प्रथिन घडवते! म्हणून उंदरावरचे निष्कर्ष माणसाला लावताना मी तरी सावध राहीन.

प्रश्नकर्ता :
मग कारण सिद्ध करणारा एखादा थेट प्रयोग झाला आहे का?

उत्तर १ :
त्याच्या बराच जवळ जाणारा एक आहे. स्त्रियांच्या पेशींत एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय करणारा ‘एक्सआयएसटी’ आरएनए अनेक प्रथिनांना एकत्र गोळा करतो आणि त्यांतील काहींविरुद्ध स्वयंप्रतिकार रोगांत (प्रतिकारसंस्था स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते अशा रोगांत) प्रतिपिंडे आढळतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जनुके निष्क्रिय न करणारे त्याचे रूप नर उंदरांत घातले गेले. ल्युपस या स्वयंप्रतिकार रोगासारखा आजार निर्माण करणारे रसायन दिल्यावर रोगप्रवण वाणातील या नरांत आजाराची तीव्रता माद्यांच्या जवळपास पोहोचली. रसायनाविना तसे घडले नाही, म्हणजे केवळ आरएनए पुरेसा ठरला नाही.