व्यंकटेश कुमारांना पहिल्यांदा समोर बसून ऐकणार आहे, जाणकारांनी जरा सांगा

मागवाला_इचलकरंजी

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग जुळवून चालू ठेवणारा. बारा तास मागांचा खडखडाट कानात असतो त्यामुळे घरी आल्यावर कुणी मोठ्यानं बोललेलंही नको वाटतं. तीन वर्षांपूर्वी मित्रानं गायक पंडित व्यंकटेश कुमारांचा दुर्गा रागाचा व्हिडिओ पाठवला. मला शास्त्रीय संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या रात्री तो मी चार वेळा ऐकला आणि तेव्हापासून रात्रपाळी संपली की पहिलं काम तेच, हेडफोन लावायचा आणि डोळे मिटायचे.

आता पुढच्या महिन्यात ते पुण्यात गाणार आहेत. तिकीट ५०० रुपये, वर एसटीचं भाडं आणि दोन दिवसांचा खाडा. बायको म्हणते जाऊन या, इतकं वेड आहे तर. पण माझ्याच मनात येतंय की मोबाईलवर इतकं स्वच्छ ऐकू येतं तर तिथं वेगळं काय मिळणार? दुसरं म्हणजे मी अशा मैफलीला कधी गेलेलो नाही, दाद कधी द्यायची, टाळ्या कधी वाजवायच्या, कुठं बसायचं, काही माहिती नाही. तिथं सगळे जाणकार असतील, त्यात अवघडल्यासारखं होईल का? मनापासून विचारतोय.

पर्वतीची_आजी

अरे बाळा, जा. आधी तिकीट काढ आणि मग पुढचं वाच.

मी पुण्यात रमणबागेतल्या सवाई गंधर्व संगीत उत्सवाला जायला लागले तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ तो उत्सव सुरू केला, आणि आमच्या वेळी तो रात्रभर चालायचा. खाली सतरंजी, अंगावर शाल, थर्मासमध्ये चहा, डिसेंबरचं दव केसांवर पडायचं. मध्यरात्रीनंतरचे राग त्या त्या वेळेलाच ऐकायला मिळायचे आणि पहाट व्हायच्या सुमाराला भीमसेनजी बसायचे. त्यांनी षड्ज, म्हणजे पहिला सा, लावला की पाच तास पेंगणारी माणसं ताठ होऊन बसायची, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची रेकॉर्ड लावायचे आणि आम्ही उजेडात घरी चालत जायचो, कुणी कुणाशी बोलायचं नाही. पुढे लाउडस्पीकरला रात्री १० ची मर्यादा आली आणि ते उत्तररात्रीचे राग उत्सवातून गेलेच. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तुझ्या प्रश्नाचं सांगते. अर्धा तास आधी जा आणि तानपुरे जुळवताना बघ, कारण रेकॉर्डिंगमध्ये नेमकं तेवढंच कापलेलं असतं. गवई डोळे मिटून ऐकत असतो, एखाद्या तारेकडे बोट दाखवतो, शिष्य खालचा मणी केसभर सरकवतो, आणि मग एका क्षणी चारही तारा मिळतात तेव्हा सभागृहातली कुजबुज आपोआप थांबते. गाणं तिथपासून सुरू होतं असं मी मानते.

दाद कधी द्यायची ते कुणाला विचारू नकोस. तोंडातून 'वा' निघालं तर निघू दे, नाही निघालं तर गप्प बस, गवयाला दोन्ही कळतं.

खर्जातला_सा

सगळे जा जा म्हणणार म्हणून दुसरी बाजू पण सांगतो. गेल्या वर्षी मी एका हॉलमध्ये माझ्या आवडत्या गायिकेला ऐकायला गेलो तर साउंडवाल्यानं तबला इतका चढवून ठेवला होता की आलापातली मिंड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ऐकूच येईना, शेजारचा माणूस पूर्ण वेळ मोबाईल वर धरून शूटिंग करत होता आणि मी निम्म्यात उठून बाहेर आलो. घरी येऊन तिचीच जुनी रेकॉर्ड लावली तेव्हा कुठं बरं वाटलं. त्यामुळे जागा बघून घे. स्पीकरच्या थेट समोर बसू नकोस, मधल्या रांगांमध्ये मधोमध जागा मिळाली तर बघ. आणि पैसे फार ताणून आणायचे असतील तर पुण्यात, सांगलीत, कोल्हापुरात विनातिकीट कार्यक्रमही होतात, थोडी वाट बघितलीस तरी चालेल.

डोंबिवली_फास्ट

वाट बघ हे सोडून वरचं सगळं पटलं.

तबलावादक उस्ताद अल्लारखांच्या पुण्यतिथीला, ३ फेब्रुवारीला, मुंबईत षण्मुखानंद सभागृहात त्यांचे चिरंजीव झाकीरभाई, म्हणजे झाकीर हुसेन, दर वर्षी कार्यक्रम करायचे, पहाटे साडेसहाला पहिलं सत्र. मी कॉलेजात असताना अंधारात डोंबिवलीहून लोकल पकडून दादरला उतरायचो, तिथून टॅक्सीत चौघं मिळून सायन. इतक्या पहाटे ते अडीच हजारांवर माणसांचं सभागृह भरलेलं बघून पहिल्या वर्षी तर मी दारातच उभा राहिलो. सकाळचे राग सकाळीच ऐकायचे, मध्यंतरात बाहेर आलो की ऊन पडलेलं असायचं आणि कानात अजून तबला. एकदा मला बाजूची पुढची खुर्ची मिळाली होती. वाजवता वाजवता त्यांना कुठंतरी सूर उतरलाय असं वाटलं असणार, डावा हात बायाँवर (डग्ग्यावर) लय धरून होता आणि उजव्या हातानं त्यांनी हातोडी उचलून दायाँच्या (उजव्या तबल्याच्या) कडेवर दोन हलके ठोके दिले, हातोडी खाली ठेवली आणि बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले. अख्खं सभागृह एकदम 'आहा' म्हणालं. त्या 'आहा'त माझाही आवाज होता. मी हजार वेळा यूट्यूबवर त्यांना ऐकलंय पण आठवतो तो तो क्षण.

मग नोकरी लागली, प्रोजेक्ट, डेडलाइन, पुढच्या वर्षी नक्की जाऊ म्हणत दोन-तीन वर्षं गेली. १५ डिसेंबर २०२४ ला ते सॅन फ्रान्सिस्कोत वारले. आता ते 'पुढच्या वर्षी' कायमचं राहिलं. खाडा भरून निघतो भाऊ, तू जा.

बेळगावकर_कुंदा

व्यंकटेश कुमार म्हणजे आमच्याकडचे, म्हणून लिहितेय. बारा वर्षांच्या वयात गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात गेले, पुट्टराज गवईंकडे. गुरू स्वतः अंध. तिथं राहायचं, आश्रमातलीच भाकरी खायची आणि गायचं, दहा-अकरा वर्षं असं काढलंय त्यांनी. नंतर धारवाडला शिकवायचे. २०१६ साली पद्मश्री मिळाली. एवढा मोठा माणूस पण स्टेजवर बसल्यावर कसलाही आविर्भाव नाही, मोकळा आवाज थेट तार सप्तकात, वरच्या सुरांत, जातो आणि तिथं आरामात थांबतो.

तू जो दुर्गा म्हणतोस त्यात ग आणि नी नाहीत, पाचच सूर. पाच सुरांत माणूस किती वेळ रमू शकतो ते समोर बसून बघशील तेव्हा कळेल. फक्त दुर्गाच गातील अशी अपेक्षा घेऊन जाऊ नकोस, त्या दिवशी त्यांना जे सुचेल ते ऐक. शेवटी एखादं कन्नड वचन, म्हणजे शिवशरणांची भक्तिरचना, गातात बऱ्याचदा, शब्द कळले नाहीत तरी उठू नकोस.

आणि कधी जमलं तर कुंदगोळला ये. सवाई गंधर्वांचं गाव, हुबळीपासून जवळच. तिथं नाडगीरांच्या वाड्यात संगीताचा कार्यक्रम होतो. याच गावात भीमसेनजी गुरूंकडे राहून शिकले, गायिका गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेनं यायच्या शिकायला.

मागवाला_इचलकरंजी

जाऊन आलो. काल पहाटे परत पोचलो, थेट पाळीवर गेलो, आत्ता लिहायला सवड मिळाली.

आजी, तुमचं ऐकून पाऊण तास आधी गेलो. मागं दोन मुलं तानपुरे घेऊन बसली होती. पंडितजी आले, वाकून नमस्कार केला, आणि पहिली दहा मिनिटं नुसती तारांकडेच. एक तार त्यांना पटेना. त्यांनी मान हलवली, मुलानं परत पिळलं, परत मान हलवली. मला एकदम माझंच काम आठवलं, ताणा जुळत नाही तोवर माग सुरू करत नाही आपण, एक धागा सैल राहिला तरी पुढचं सगळं कापड बिघडतं. मग तार मिळाली आणि त्यांनी पहिला सा लावला. कसं सांगू, मोबाईलमध्ये आवाज कानात येतो, तिथं तो खुर्चीच्या हातातून माझ्या हातात आला. डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही. शेजारचे काका माझ्याकडे बघून फक्त हसले आणि त्यांनी रुमाल पुढं केला.

दुर्गा गायले नाहीत. काकांनी सांगितलं की शुद्ध कल्याण होता. वचन मात्र गायले, शब्द कळला नाही एकही, पण आईनं लहानपणी मांडीवर घेऊन काहीतरी म्हटलेलं असावं तसं वाटत होतं. अवघडल्यासारखं अजिबात झालं नाही. एका तानेनंतर माझ्या तोंडातून 'आयला' निघालं मोठ्यानं, पुढच्या रांगेतल्या बाई मागं वळून म्हणाल्या, अगदी बरोबर.

आज सकाळी कारखान्यात लाईट गेली, सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत तो सा तसाच होता.

बेळगावकर ताई, कुंदगोळचा कार्यक्रम कधी असतो ते कळलं की इथं टाका. बायको पण येते म्हणाली आहे.