मदत हवी आहे: बीटा म्हणतो प्रदेश जवळ येताहेत, सिग्मा म्हणतो दूर जाताहेत

नमस्कार मंडळी,

प्रकल्पासाठी एकमेकांना लागून असलेल्या काही प्रदेशांचं वीस वर्षांचं दरडोई उत्पन्न घेऊन बसलोय. त्यांच्यातली दरी मिटतेय का, एवढंच शोधायचंय.

आधी बीटा अभिसरण (अभिसरण म्हणजे जवळ येणं) काढलं: सरासरी वार्षिक वाढीचं सुरुवातीच्या उत्पन्नाच्या लॉगवर रिग्रेशन, म्हणजे त्या दोघांतला संबंध दाखवणारी सरळ रेषा. उतार ऋण आला, म्हणजे मागासलेले प्रदेश जास्त वेगाने वाढले. खूश झालो. मग सिग्मासाठी, म्हणजे प्रदेशांमधली तफावत घटतेय का हे पाहायला, दरवर्षीच्या लॉग उत्पन्नाचं प्रमाण विचलन काढलं, तर ते वाढतच गेलंय! वाटलं, एक्सेलमध्येच घोळ आहे. शेवटी कागदावर मांडलं. अ 100, ब 120; वीस वर्षांनी अ 300, ब 200. मागचा वेगाने धावला हे खरं, पण तो इतका पुढे गेला की अंतर उलट वाढलं. ऋण उतारावरून दरी मिटली असं मानणं म्हणजे गाल्टनची चूक, असं अर्थतज्ज्ञ डॅनी क्वा यांनी 1993 मध्ये का लिहिलं ते आत्ता कुठे डोक्यात शिरलं.

(जाता जाता: बॅरो आणि साला-इ-मार्टिन या अर्थतज्ज्ञांचा दरी मिटण्याचा तो प्रसिद्ध दरसाल 2 टक्के वेग, ज्याने निम्मी दरी मिटायला सुमारे 35 वर्षं लागतात, तो रिग्रेशनच्या उताराशी थेट ताडू नका. वीस वर्षांच्या सरासरीत त्याचा उतार -0.0165 च्या आसपास येतो. मी दोन दिवस घालवले.)

खरा अडलोय तो शेजारामुळे. रेसिड्युअल (रिग्रेशनच्या अंदाजातून उरलेला फरक) नकाशावर रंगवले तर धन एका कोपऱ्यात, ऋण दुसऱ्या. म्हणजे निरीक्षणं स्वतंत्र नाहीत. मोरान आय (शेजारचे प्रदेश एकमेकांसारखे आहेत का ते मोजणारा आकडा) काढायचा, तर वेट मॅट्रिक्स (कोण कोणाचा किती शेजारी याचा तक्ता) सीमा लागण्यावरून घ्यावी की अंतरावरून? प्रदेश थोडेच असताना स्पेशियल लॅग मॉडेलच्या (ज्यात शेजाऱ्यांचे आकडेही धरतात) आकड्यांवर कितपत विसंबायचं? शिवाय मी ज्याला दरडोई उत्पन्न म्हणतोय, तो आकडा खरं तर उत्पादनाचा आहे. उत्पादन मोजलं जातं कामाच्या ठिकाणी, पगार जातो शेजारच्या प्रदेशातल्या घरी. अशा वेळी कुटुंबांच्या उत्पन्नाचीच आकडेवारी शोधावी का?

पॅनेल (प्रत्येक प्रदेशाचे अनेक वर्षांचे आकडे एकत्र) घेऊन फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक प्रदेशाचा स्वतःचा कायमचा फरक) टाक, हा सल्ला आधीच मिळालाय. पण मग प्रत्येक प्रदेश आपापल्या पातळीकडे सरकतोय का एवढंच कळतं. शेजाऱ्याच्या जवळ येतोय का, हे माझं मूळ कोडं तसंच राहतं. की माझंच काही चुकतंय?