क्लस्टर बॉम्बविरोधी सह्या सोलापुरात कशासाठी?

निवृत्त सैनिक, होटगी रोड : हवेत उघडून अनेक छोटे बॉम्ब विखुरणाऱ्या क्लस्टर बॉम्बच्या विरोधातील निवेदनावर येथे सह्या गोळा करणे हा वेळेचा अपव्यय आहे. त्यांवर बंदी घालणाऱ्या २००८च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत नाही, अमेरिका, रशिया आणि चीनही नाहीत. वापरणारेच बाहेर असताना करार कोणासाठी?

शिक्षिका, जुळे सोलापूर : सर, हे वाचून गप्प बसवले नाही. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब पडले आणि त्यांतील ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. चेंडूएवढी ती वस्तू आजही कुदळीखाली येते, मुले ती खेळणे समजून उचलतात. अमेरिका करारात नसली, तरी तेथील टेक्स्ट्रॉन कंपनीने २०१६मध्ये हे बॉम्ब बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले, ते बंदीसाठीच्या जागतिक मोहिमेच्या रेट्यामुळेही.

निवृत्त सैनिक : त्याच अमेरिकेने २०२३मध्ये ते युक्रेनला दिले, आणि लिथुआनिया तर मार्च २०२५मध्ये करारातून बाहेरच पडला. मी तोफखान्यात होतो. सीमेवर शत्रू पसरून येतो, तेव्हा काय करायचे ते वर्गात बसून ठरत नाही.

शिक्षिका : माझा वर्ग काढण्याचे कारण नव्हते. ब्रानिस्लाव कापेतानोविच हे सर्बियाचे बॉम्ब निकामी करणारे तज्ज्ञच होते. २०००मध्ये या बॉम्बने त्यांचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय नेले, आणि पुढे तेच या मोहिमेचे प्रवक्ते झाले.

यंत्रमाग कामगार, अशोक चौक : लाओसचे दुःख मोठेच आहे, पण आमच्याकडे कोण पाहणार? सुताचे गठ्ठे उतरवताना माझा डावा पाय ट्रकखाली गेला. कृत्रिम पाय मिळाला; मात्र उरलेला पाय ज्यात बसतो, त्या वाटीत मे महिन्यात घाम साचतो, कातडी सोलते, आणि आता वाटी सैल झाल्याने मी आत फडके कोंबून मागावर उभा राहतो. दुरुस्तीसाठी चार खेपा घातल्या, प्रत्येक वेळी नवा दाखला मागितला.

शिक्षिका : दादा, कराराचे पाचवे कलम हेच सांगते, की जखमींना उपचार, पुनर्वसन आणि उपजीविकेचा आधार देणे ही करारातील त्या त्या देशाची जबाबदारी आहे. वाढत्या मुलाला तर पाय पुन्हा पुन्हा बदलून द्यावा लागतो.

यंत्रमाग कामगार : पण ते कलम बॉम्बवाल्यांसाठी आहे, ट्रकवाल्यांसाठी नाही.

शिक्षिका : त्याच कलमात इतर कारणांनी अपंग झालेल्यांशी भेदभाव करू नये, असेही लिहिले आहे.

यंत्रमाग कामगार : तसे असेल, तर तेवढ्यापुरती माझी सही घ्या. आधी मराठीत वाचून दाखवा.

निवृत्त सैनिक : पाचव्या कलमाला माझा विरोध नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. निवेदनावर मात्र मी सही करणार नाही.