चार कोर असले म्हणून डेडलाइन पाळली जातेच असं नाही

कोणी म्हणेल की ज्या टास्कची (कामाची) डेडलाइन आधी त्याला आधी चालवायचं, हा ईडीएफचा (अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट) नियम प्रोसेसरच्या एका कोरवर सर्वोत्तम आहे, तेव्हा चार कोरवरही निभावेल. पहिलं बरोबर, दुसरं ढल आणि लिऊ या संशोधकांनी १९७८ मध्येच खोडून काढलं.

चार कोर घ्या. चार छोटे टास्क, प्रत्येकी दर १० मिलिसेकंदांत १ मिलिसेकंदाचं काम. पाचवा मोठा, दर ११ मिलिसेकंदांत १०.५ चा. पुढची फेरी येण्याआधी काम संपवणं हीच प्रत्येकाची डेडलाइन. सगळे एकदम आले की डेडलाइन आधीची म्हणून छोटे चारही कोर अडवतात. मोठा १ ला सुरू होऊन ११.५ ला संपतो, म्हणजे चुकलाच! एकूण भार मात्र चारपैकी जेमतेम १.३५ कोरचा.

मोठ्याला स्वतंत्र कोर दिला की प्रश्न मिटतो. पण अशा, प्रत्येक टास्कला एक ठरावीक कोर देणाऱ्या वाटणीलाही मर्यादा आहेच: कोरचा प्रत्येकी ६० टक्के वेळ घेणारे तीन टास्क दोन कोरवर वाटून बसत नाहीत.

लिनक्सचं शेड-डेडलाइन (SCHED_DEADLINE, ईडीएफने टास्क चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. तिथली प्रवेश-तपासणी, म्हणजे नवा टास्क घ्यायचा की नाही हे ठरवणारी तपासणी, फक्त एकूण भार बघते. अनेक कोरवर त्यातून उशिराला मर्यादा पडते, डेडलाइनची हमी मिळत नाही. ब्रेक किंवा मोटर नियंत्रणासाठी मी तरी टास्क कोरला बांधूनच ठेवीन.