टेक्निकल रायटरनं आधी काय शिकावं, कोडिंग की युजेबिलिटी (वापरसुलभता)?

शाईपेन:
माझं काम युजर मॅन्युअल आणि एपीआय (एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याशी बोलायची सोय) यांच्या डॉक्युमेंटेशनचं. डेव्हलपरांचं सगळं गिटमध्ये (फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन), मॅन्युअल वर्डमध्ये, त्यामुळे प्रत्येक रिलीजला मॅन्युअल मागे पडतं. दुसरं म्हणजे काही स्क्रीन इतके किचकट आहेत की एक स्क्रीन समजवायला दोन पानं लागतात. स्क्रीनच बदला, हे डिझायनरला कसं पटवायचं? आणि सुरुवात कुठून करावी?

ओळअंक:
सुरुवात गिटपासून. क्लोन, ब्रँच, अ‍ॅड, कमिट, पुश, पुल, एवढ्या कमांडवर रोजचं भागतं. वर्डची फाइल तशीच गिटमध्ये टाकू नका. गिटच्या लेखी ती बायनरी, त्यामुळे काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत) दिसतच नाही. मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मांडणी दाखवणारी मजकूर-फाइल) आणा आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा, नाहीतर एक शब्द बदलला तरी अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो आणि रिव्ह्यू करणारा कंटाळतो. फीचरचा कोड आणि त्याचं मॅन्युअल एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून सामील करून घ्यायची विनंती) जायला हवं. मागे पडण्यावर दुसरा इलाज नाही.

एपीआयचं प्रत्येक उदाहरण कर्लनं (सर्व्हरला विनंती पाठवणारी कमांड) स्वतः चालवून बघा. सर्व्हरकडून येणाऱ्या कोडांपैकी ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही. दोन्हींना ‘अ‍ॅक्सेस एरर’ लिहिलंत, तर रोल (परवानगीचा गट) चुकलेला माणूस दिवसभर टोकन (ओळख पटवणारी किल्ली) बदलत बसेल.

पाचजण:
दोन पानं लागतात हाच पुरावा आहे, पण तो मत म्हणून मांडू नका. युजेबिलिटीचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांच्या १९९४ च्या १० तत्त्वांपैकी ९वं चुकांच्या संदेशांबद्दल आहे आणि १०वं मदत व डॉक्युमेंटेशनबद्दल. या दोन्हींत रायटरचा शब्द चालतो.

मग चाचणी घ्या. ५ जण, एका वेळी एकच. काम सांगा, बटणाचं नाव नको. ‘एक्स्पोर्ट दाबा’ म्हटलंत की चाचणी तिथेच संपली. ‘मागच्या महिन्याची बिलं एक्सेलमध्ये हवी आहेत’ असं सांगा. मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगा, आणि माणूस अडला तरी गप्प बसा (हे सगळ्यात अवघड). एकेकाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, तर पाचांत साधारण ८५ टक्के निघतात. मात्र अकाउंटंट आणि गोदामातले लोक एकाच पाचांत मिसळू नका, त्यांचे गट वेगळे. डिझायनरला अहवालापेक्षा अडलेल्या क्षणांची दोन मिनिटांची क्लिप दाखवा.

शाईपेन:
स्क्रीनवरचे संदेश मराठीतही जाणार आहेत. त्यात काय बघावं?

ओळअंक:
स्ट्रिंगची (स्क्रीनवरच्या संदेशांची) फाइल आत्ताच मागून घ्या आणि तुकडे जोडून बनवलेली वाक्यं शोधा. इंग्रजीत वस्तूच्या नावापुढे ‘डिलीटेड’ जोडलं की काम होतं. मराठीत फोल्डर हटवला, फाइल हटवली, चित्र हटवलं, आणि अनेक असतील तर फाइली हटवल्या. प्रत्येक वस्तूसाठी अख्खं वाक्य वेगळं ठेवायला सांगा, एकवचन-अनेकवचनासकट. कोड गोठल्यावर, म्हणजे रिलीजआधी बदल थांबवल्यावर, मागितलंत तर कोणी हात लावणार नाही.