फियाटच्या कुजलेल्या पत्र्यासाठी कोणतं वेल्डिंग मशीन घेऊ? (मदत हवी आहे)

मंडळी,

वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला अजून फियाटच म्हणतात. २०१९ च्या पुरात सांगलीच्या घरी ती तीन दिवस पाण्यात उभी होती. इंजिन लगेच करून घेतलं, पत्र्याकडे मात्र दुर्लक्ष झालं. गेल्या महिन्यात ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला आणि खालची फरशी दिसली. दोन्ही दारांखालच्या सिलही आतून खाल्ल्या आहेत.

मागे एका गॅरेजात डावं दार गॅस वेल्डिंगने करून घेतलं होतं. पत्रा तापून त्यावर लाटा उठल्या, त्या लांबी (पुट्टी) थापून बुजवल्या. पहिल्याच पावसाळ्यात रंगाला फुगे आले. वडील रोज सकाळी फडकं मारताना त्या फुग्यांवरून अंगठा फिरवतात, बोलत काहीच नाहीत. म्हणून हे काम मी स्वतः शिकून करायचं ठरवलंय.

शेतावर आर्क मशीन आहे, गेट-ग्रिल त्यावर केलेत. पण अडीच मिमीचा रॉड रद्दी पत्र्यावर लावून बघितला, टाका बसायच्या आधीच भोक! पत्रा जेमतेम ०.८ ते ०.९ मिमी. दुकानदार म्हणतो बिनगॅसचं मिग (रॉडऐवजी गनमधून तार आपोआप येते ते मशीन) घ्या, सिलिंडरची कटकट नाही. एक मित्र टिग (एका हातात टंगस्टनची टॉर्च, दुसऱ्या हातात भरायची तार) सुचवतो. घरी सिंगल फेज आणि १६ अँपिअरचा सॉकेट आहे. काय घेऊ?

प्रतिसाद १

गॅसवालं मिगच घ्या, गॅरेजवाले ज्याला सीओटू म्हणतात ते. बिनगॅसच्या तारेने उष्णता जास्त लागते, ठिणग्या उडतात, वर स्लॅग (टाक्यावरची खपली) झाडत बसा. पातळ पत्र्यावर ते त्रासाचंच. मशीन २०० अँपिअरचं आहे का हे बघू नका, खाली ३० पर्यंत उतरतं का ते बघा. तार ०.६ मिमीची, आणि जमलं तर गॅस आर्गन-सीओटू मिक्स, आर्क शांत चालतो. टिगचं काम देखणं होतं, पण पत्रा लखलखीत स्वच्छ लागतो आणि दोन्ही हात अडकतात. गाडीखाली आडवं पडून नवशिक्याला ते जमणार नाही.

सलग ओढू नका. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग हात लावण्याइतकं थंड होऊ द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: फियाटला वेगळी चासी नाही, बॉडीच भार पेलते. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत अँगल टाकून आधार द्या आणि एका वेळी एकच बाजू उघडा. नाहीतर चौकट खचेल आणि दार पुन्हा लागणार नाही. बॅटरीची वायर सोडा, पेट्रोलची टाकी काढून घराबाहेर ठेवा.

धागाकर्ता

अँगलचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मी तर दोन्ही सिल एकदम कापणार होतो. मनापासून आभार. सांगली-मिरजेत कुणी असं मिग वापरत असेल तर एक दिवस शेजारी उभं राहून बघायचंय. रद्दी पत्रा मी घेऊन येतो.