अपगार गुण ५ आणि नंतर ८ : अर्थ कसा लावावा?

कोथरूडची आजी : गेल्या आठवड्यात सुनेची प्रसूती झाली. डिस्चार्ज कार्डावर ‘अपगार ५, ८’ अशी नोंद वाचल्यापासून मनाला घोर लागला आहे. बाळ दूध नीट ओढते. तरीही पहिला गुण निम्माच का, आणि त्याचा पुढे बुद्धीवर परिणाम होईल का?

परिचारिका, हडपसर : काकू, अपगार म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाची स्थिती जोखून दिलेले गुण; पहिला आकडा जन्मानंतर १ मिनिटाचा आणि दुसरा ५ मिनिटांचा आहे. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, उत्तेजनाला प्रतिसाद आणि त्वचेचा रंग या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. ७ ते १० समाधानकारक मानतात. जन्मल्यावर हातपाय काही काळ निळसर राहणे स्वाभाविक असल्याने पहिल्याच मिनिटाला १० क्वचितच मिळतात. ५ वरून ८ ही चढण चांगली आहे; ५ मिनिटांनाही गुण ७ पेक्षा कमी असते, तर दर ५ मिनिटांनी, २० मिनिटांपर्यंत पुन्हा मोजले असते. डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली ती बाळाची तत्काळ स्थिती जोखण्यासाठी. केवळ या गुणांवरून एखाद्या बाळाच्या बुद्धीचे भाकीत करू नये.

एक आई, औंध : माझे बाळ अपुऱ्या दिवसांचे होते. अशा बाळांचे स्नायू मुळातच सैल असल्याने गुण कमी येऊ शकतात, हे मला कोणी वेळेवर सांगितले नाही, याचे आजही वाईट वाटते.

कोथरूडची आजी : सूनबाईला हे आत्ताच वाचून दाखवते.